माळ्यावरची गळकी टाकी: टाकी विकू नका, जबाबदारी विका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण हार्डवेअर आणि प्लंबिंगच्या धंद्यावर बोललो. त्यातला एक मुद्दा घाईत राहिला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. मुद्दा दिसायला अगदी छोटा आहे. घरातल्या माळ्यावर ठेवलेली पाण्याची टाकी गळायला लागते आणि ती बदलायची असते. बस, एवढंच.

पण माझं स्पष्ट मत सांगतो. ज्याला लहान धंदा शिकायचाय, त्याने हे एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट करून बघावं. मोजमाप, कोटेशन, माणसं, वेळ, हमी, प्रामाणिकपणा, सगळं या एका कामात येतं. आणि आपले बहुतेक दुकानदार यातला सगळ्यात कमी नफ्याचा तुकडा स्वतःकडे ठेवतात आणि चांगला तुकडा सोडून देतात. ते टाकी विकतात. माझं म्हणणं आहे, जबाबदारी विका.

आज काय चालतं ते आधी बघा

आमच्या कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात जुन्या तीन-चार मजली इमारती भरपूर आहेत. पाणी ठरावीक वेळेला येतं, म्हणून बाथरूमच्या किंवा स्वयंपाकघराच्या वर माळा आणि माळ्यावर दोनशे, तीनशे, पाचशे लिटरची टाकी. कुठे जुनी पत्र्याची, कुठे विटा-सिमेंटची, बाकी बहुतेक प्लास्टिकची. कंपनी कुठलीही असो, लोक तिला "सिंटेक्स"च म्हणतात.

एक दिवस माळ्याच्या कडेने थेंब पडायला लागतात. छताला पिवळा डाग येतो, नाहीतर खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात. मग घरातले प्लंबरला फोन करतात. प्लंबर वर डोकं घालून सांगतो, "टाकी गेली, बदलावी लागेल." घरातला माणूस दुकानात येतो आणि विचारतो, "तीनशे लिटरची केवढ्याला?" दुकानदार भाव सांगतो, थोडी घासाघीस होते, टाकी रिक्षाच्या टपावर बांधली जाते. संपलं.

आता हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमच्या गावचे भाव घाला. समजा टाकी दुकानाला 3,600 रुपयांना पडली आणि 4,200 ला विकली. मार्जिन 600. पण बऱ्याच ठिकाणी रीत अशी आहे की ज्या प्लंबरने गिऱ्हाईक पाठवलं, त्याला दहा टक्के द्यायचे. म्हणजे 420 गेले. उरले 180 रुपये. जी वस्तू दुकानात चार खोक्यांची जागा अडवून महिनाभर उभी होती, तिच्यावर 180 रुपये!

आणि गिऱ्हाइकाला काय मिळालं? टाकी दारातून आत गेली, पण माळ्याच्या तोंडातून वर जाईना. प्लंबर दोन दिवसांनी आला. जुनी टाकी जिन्यात पडून राहिली, सोसायटीची नोटीस आली. आठ दिवसांनी जॉइंटमधून पाणी यायला लागलं. दुकानदार म्हणतो, "फिटिंगचा दोष." प्लंबर म्हणतो, "मालाचा दोष." ही जी मधली जागा आहे ना, जिथे कुणीच जबाबदार नाही, तीच तुमच्या धंद्याची जागा आहे.

पहिलं काम: गळतंय कुठून ते शोधा

"टाकी गळते" हे गिऱ्हाइकाचं वाक्य आहे. तुमचं निदान वेगळं असू शकतं. वर चढा, टॉर्च लावा, टाकी बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. प्रत्येक जॉइंटखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा. इनलेटचा आणि आउटलेटचा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, आतल्या पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि रात्रभर तसंच ठेवा.

सकाळी पाणी खुणेवर आहे पण कागद ओला आहे, तर गळती टाकीची नाही, पाइपलाइनची आहे. पातळी उतरली आणि निप्पलखालचाच कागद ओला आहे, तर टँक निप्पलचा वायसर गेलाय. टाकी फक्त पाणी आल्यावरच गळते, तर फ्लोट व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल आणि ओव्हरफ्लो होत असेल. अंगालाच तडा दिसला, तरच टाकी बदलायची.

वायसर बदलणं हे किरकोळ काम आहे. तिथे नवी टाकी गळ्यात मारणारे आहेत, मला माहीत आहे. तुम्ही मारू नका. वायसर बदला, तुमची व्हिजिट फी घ्या, पावती द्या आणि या. त्या सोसायटीत चोवीस घरं असतात आणि चोवीस घरांत चोवीस टाक्या असतात. खरं सांगणारा माणूस कोण आहे, हे तिथे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. टाकीला खरंच तडा गेला असेल तर एम-सील लावून पैसे घेऊ नका. टाकीचं प्लास्टिक म्हणजे पॉलिइथिलीन. त्याला गोंद, इपॉक्सी, एम-सील धड चिकटत नाही. महिना-दोन महिने तग धरेल, मग पुन्हा थेंब. गरम हवेने त्याच प्लास्टिकची काडी वितळवून वेल्डिंग करणारे कारागीर असतात, पण उन्हापाण्याने जुनी झालेली टाकी एका जागी जोडली की शेजारी फुटते. गिऱ्हाईक म्हणेल, "सध्या चालवा हो कसंतरी." तुम्ही नम्रपणे सांगा, "काकू, आज दोनशे रुपये घेतले तर पुढच्या महिन्यात तुम्ही मलाच शिव्या द्याल."

दुसरं काम: वजन

इथे मी थोडा कडक बोलणार आहे, कारण हा विषय नफ्याच्या पलीकडचा आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाचशे लिटरची टाकी भरली की माळ्यावर अर्धा टन वजन चोवीस तास बसलंय.

आपल्याकडे घरातल्या खोलीच्या स्लॅबचं डिझाइन करताना माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण 200 किलो वजन धरतात. आयएस 875 या भारतीय मानकात तसंच दिलंय. आता टाकीतल्या पाण्याचा हिशोब करा. एक फूट खोल पाणी म्हणजे चौरस मीटरला सुमारे 300 किलो. दोन फूट खोल म्हणजे 600 किलो. आणि माळा तर खोलीच्या स्लॅबपेक्षाही पातळ असतो. तो गाद्या, बॅगा, गणपतीचं मखर आणि दिवाळीचा कंदील ठेवायला बांधलेला असतो. त्यात टाकी वर्षभर गळत असेल तर ओल काँक्रीटमध्ये शिरते, आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि खालून पोपडे पडायला लागतात.

म्हणून नियम करा. वर चढण्याआधी खालून माळ्याकडे बघा. पोपडे पडलेत, सळई दिसते, आडवी भेग आहे, असं काहीही दिसलं तर टाकी ठेवायची नाही. "आधी सोसायटीच्या इंजिनिअरला दाखवा" असं लिहून द्यायचं आणि ऑर्डर सोडायची. हो, सोडायची. त्या माळ्याखाली रोज कुणीतरी आंघोळीला उभं राहतं. चार हजारांची विक्री त्याच्यापेक्षा मोठी नाही.

आणि "तीनशेच्या भावात थोडे टाकले की पाचशेची येते" हे वाक्य या कामात तोंडातून काढायचं नाही. टीव्ही विकताना मोठा साइझ सुचवणं ठीक आहे. माळ्यावर मोठा साइझ सुचवणं बेजबाबदारपणा आहे.

तिसरं काम: किती लिटर, हे गिऱ्हाइकाला विचारू नका

तुम्ही विचाराल "किती लिटरची देऊ?" तर उत्तर येईल "होती तेवढीच." जुनी टाकी वीस वर्षांपूर्वी आणलेली असते. तेव्हा घरात सात माणसं असतील आणि पाणी एक दिवसाआड येत असेल. आज तीन माणसं असतील आणि सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीतून दिवसभर पाणी येत असेल.

त्यापेक्षा हे तीन प्रश्न विचारा. पाणी किती वाजता येतं? किती वेळ येतं? नसतं तेव्हा घरात काय काय अडतं? हे प्रश्न घरात जी व्यक्ती पाणी भरते तिलाच विचारा. बिल भरणाऱ्याला बऱ्याचदा पाण्याची वेळही माहीत नसते. शहरातल्या पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. चार माणसांचे 540 होतात. पण माळ्यावर तेवढा साठा लागत नाही, पाणी बंद असतं त्या तासांपुरताच लागतो. बऱ्याच घरांत दोनशे लिटर पुरतात.

काही घरांत तर हिशोब केल्यावर कळतं की टाकीची गरजच उरलेली नाही. मग तेच सांगा. जुनी काढून द्या, लाइन सरळ जोडून द्या, माळा मोकळा करून द्या. त्याचेही पैसे मिळतात, आणि तुमचा माल न घेता तुम्हाला पैसे देणारं गिऱ्हाईक पुढची दहा वर्षं तुमच्याकडेच येतं.

चौथं काम: एकच कोटेशन, सगळं लिहून

आता मूळ मुद्द्यावर येतो. मगाचचीच तीनशे लिटरची टाकी. फक्त यावेळी तुम्ही पूर्ण काम विकताय. कोटेशन असं:

टाकी: 4,200
पाइप, निप्पल, व्हॉल्व्ह, फ्लोट, युनियन वगैरे: 1,400
प्लंबर आणि हेल्परची मजुरी: 2,000
जुनी टाकी उतरवणं आणि नेणं: 500
पाहणी, मोजमाप, टेस्टिंग, आठ दिवसांनी दुसरी भेट, फिटिंगची एक वर्षाची लेखी हमी: 1,100
एकूण: 9,200

तुमचा खर्च बघा. टाकी 3,600, फिटिंग 1,100, मजुरी 2,000, वाहतूक 500. झाले 7,200. हातात 2,000. यातले 300 दुरुस्तीसाठी पुन्हा जावं लागलं तर म्हणून बाजूला काढा. तरी 1,700 राहिले. तिकडे 180, इकडे 1,700. टाकी तीच, गिऱ्हाईक तेच, माळाही तोच.

प्लंबरला इथे किती मिळाले? मजुरीच्या ओळीत लिहिलेले आहेत तेवढे, त्याच दिवशी, रोख किंवा यूपीआयने. लपवलेलं कमिशन नाही. माझं मत असं आहे की हे गुपचूप दहा टक्के आपल्या धंद्याला आतून ओल लावतात. गिऱ्हाइकाला वाटतं प्लंबर आपल्या बाजूचा आहे, आणि तो तर दुकानाच्या खिशातून पगार घेतोय. मग जास्त महाग टाकी सुचवली जाते, चांगली टाकी "गेलेली" ठरते.

तुमच्यातले काही म्हणतील, "दादा, हे बोलायला सोपं आहे, कमिशन बंद केलं तर प्लंबर शेजारच्या दुकानात जाईल." जाईल. काही जण जातीलच. पण प्लंबरच्या बाजूनेही बघा ना. त्याला काम शोधत फिरावं लागतं, मजुरी बुडते, गिऱ्हाईक "नंतर देतो" म्हणतं. तुम्ही त्याला महिन्याला आठ-दहा ठरलेली कामं दिलीत आणि पैसे त्याच दिवशी दिलेत, तर त्याला 420 च्या कमिशनची आठवणही येणार नाही. सगळे प्लंबर टिकवायची गरज नाही. दोन चांगले टिकले तरी पुरे.

दुसरा आक्षेप: "9,200 ऐकून गिऱ्हाईक पळतं. ऑनलाइन टाकी 3,900 ला दिसते." बरोबर, दिसते. मग ऑनलाइनचाच भाव त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, माळ्याचं तोंड मोजलंय का, जुनी कोण उतरवणार, निप्पल कोण बसवणार, गळली तर फोन कुणाला करणार? तरीही त्याला टाकी ऑनलाइनच घ्यायची असेल तर टाकीची ओळ काढून बाकीचं 5,000 चं कोटेशन द्या. भांडू नका. टाकी त्याची, जबाबदारी तुमची.

कामाच्या दिवशी काय सांभाळायचं

दिवस असा ठरवा की सकाळी पाणी भरून झालेलं असेल आणि संध्याकाळपर्यंत टाकी चालू होईल. आदल्या दिवशी फोन करून बादल्या, पिंप भरून ठेवायला सांगा. मुख्य दरवाजा, पॅसेजचं वळण आणि माळ्याचं तोंड तिन्ही मोजा. टाकी त्यापेक्षा किमान इंचभर लहान हवी. वर गेल्यावर झाकण उघडून हात घालता येईल एवढी जागा राहिली पाहिजे, नाहीतर ती टाकी पुन्हा कधीच धुतली जात नाही.

जुनी पत्र्याची टाकी आतच कापावी लागली तर ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात. गाद्या, कपडे आधी खाली काढा. ओल्या माळ्याजवळ वायर असेल तर मेन स्विच बंद करा. टाकी घेताना आयएस 12701 चा शिक्का आहे का ते बघा. रोटो-मोल्डेड पॉलिइथिलीन टाक्यांचं ते मानक आहे.

नव्या टाकीला भोक पाडताना तापवलेला पाइप खुपसणारे अजून आहेत. त्यातून वेडंवाकडं भोक पडतं आणि तडा तिथूनच सुरू होतो. होल सॉ वापरा, भोक खाली जमिनीवरच पाडा, आतला भुसा पुसून घ्या. टाकीचा पूर्ण तळ सपाट, कडक बैठकीवर टेकला पाहिजे. चार कोपऱ्यांना चार विटा लावल्या की टाकीचं पोट लोंबतं आणि दोन वर्षांत फुटते. पाइपाला क्लॅम्प मारा, पाइपाचं वजन निप्पलवर येऊ देऊ नका. ओव्हरफ्लोचा पाइप बाथरूममध्ये दिसेल अशा जागी सोडा, म्हणजे फ्लोट बिघडला तर घरच्यांना लगेच कळतं.

मग टाकी पाव भरा, थांबा, जॉइंट तपासा. पूर्ण भरा, पुन्हा तपासा. पहिलं पाणी सोडून द्या. फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा. माळ्याखालची फरशी पुसूनच घराबाहेर पडा. ही पुसलेली फरशी म्हणजे तुमची जाहिरात.

कागद

बिल पक्कं द्या. टाकीची कंपनीची हमी वेगळी आणि तुमच्या फिटिंगची हमी वेगळी, हे दोन ओळींत लिहा. खालच्या घराचं नुकसान झालं असेल तर त्यात पडू नका, पण गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगून ठेवा: गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे घरातली अंतर्गत गळती दुरुस्त करणं हा सभासदाचा स्वतःचा खर्च असतो. सोसायटी भरेल म्हणून थांबण्यात स्लॅब भिजत राहते.

आणि तुमच्यासाठी एक सूचना. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीची आहे, पण तुम्ही मालाबरोबर सेवाही देऊ लागलात की 20 लाखांची मर्यादा बघावी लागते. अनेक जण इथे अडकतात. सीएला आधीच विचारून घ्या.

दुकान नाही? मग तर हे काम तुमचंच

टाक्यांचा स्टॉक करायची गरज नाही. ऑर्डर पक्की झाली, अॅडव्हान्स आला, की डीलरकडून उचला. तुम्हाला लागते एक चांगली शिडी, ड्रिल, होल सॉचा सेट, पाने, टेप, टॉर्च आणि एक वही. वहीत प्रत्येक घराची नोंद करा: टाकी किती लिटरची, कधी बसवली, पाणी किती वाजता येतं. वर्षाने फोन करा, "ताई, टाकी धुवायची आहे का?" तिथून पुढचा धंदा सुरू होतो.

या आठवड्याचं काम देतो. तुमच्या ओळखीच्या पाच घरांचे माळे बघून या. काही विकू नका. टाकी किती लिटरची, बैठक कशी, खाली डाग आहे का, एवढंच लिहून आणा. पाचातल्या एखाद्या घरात गळती सापडेल. तिथे वरच्यासारखं कोटेशन करा आणि त्याचे आकडे व्हिडिओखाली टाका, आपण मिळून तपासू.

भेटू पुढच्या व्हिडिओत.